ग्वानाबानो फाट्यावर बस थांबत नाही

माझ्या भावाला सगळे चांगला माणूस म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना त्याच्याबरोबर एका घरात वाढावं लागलं नाही, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याची अर्धी रिकामी बस डोळ्यांदेखत निघून जाताना बघावी लागली नाही. मी दोन्ही केलंय, त्यामुळे माझं मत जरा वेगळं आहे.

त्याचं नाव पेर्सिओ आल्मोन्ते. राजधानीतून सांतियागोला जाणाऱ्या त्या निळ्या गाड्या आहेत ना, त्या कंपनीचा ड्रायव्हर. आमचं घर बोनाओ सोडल्यावर ग्वानाबानो फाट्याच्या वळणावर, हमरस्त्याला अगदी लागून. अंगणात उभं राहिलं की ट्रकचा वारा कपड्यांना लागतो. पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे, मागे आई आणि मी राहतो. लहानपणी पेर्सिओ याच अंगणात भाताच्या ताटलीचं स्टीअरिंग करून बसायचा आणि मला प्रवासी करायचा. मला मध्येच उतरायचं झालं तरी उतरू द्यायचा नाही. "थेट गाडी आहे," म्हणायचा, "सांतियागोशिवाय थांबणार नाही." मी रडून घर डोक्यावर घ्यायचे. आई म्हणायची, "अगं, खेळ आहे तो, नुरिस." तो खेळ नव्हता, हे आईला तेव्हा कळलं नाही.

मोठेपणी त्यानं तेच केलं, फक्त ताटलीच्या जागी खरं चाक आलं. शर्टाला अशी कडक इस्त्री की माशी बसली तर घसरावी. त्याच्या गाडीत खायला बंदी, विकायला बंदी, आणि बायबल घेऊन चढणाऱ्या प्रवचनकारांनाही बंदी. त्यांना तो म्हणतो, "देवाचं काम खाली, माझं काम वर." एसी इतका थंड की लोक भर उन्हाळ्यात कोट आणि कानटोप्या घालून बसतात. तरी कुणी तक्रार करत नाही, कारण गारठल्याशिवाय प्रवासाचे पैसे वसूल झाले असं आमच्या लोकांना वाटतच नाही. मी एकदा म्हटलं, "अरे, जरा कमी कर की. म्हाताऱ्या माणसांचे दात वाजतात."

"दात वाजतायत म्हणजे जागी आहेत," तो म्हणाला. "आणि कंपनीनं ठरवलंय ते मी कोण बदलणार?"

कंपनीनं ठरवलंय. हे त्याचं लाडकं वाक्य. लग्नात पाद्र्यानं त्याला विचारलं, ही बायको म्हणून मान्य आहे का, तेव्हाही तो कंपनीला विचारून सांगतो म्हणेल अशी मला धास्ती होती.

तर कंपनीनं हेही ठरवलं होतं की गाडी ग्वानाबानोला थांबणार नाही. बोनाओ, मग ला वेगा, मग सांतियागो. मध्ये कुणी हात केला तर हात करणाऱ्याचाच हात दुखेल. खरं तर यात कंपनीपेक्षा चिचोचा वाटा मोठा होता. चिचो म्हणजे आमच्या फाट्यावरच्या वडापवाल्यांचा पुढारी. फाट्यावरचा प्रवासी वडापचा, निळ्या बसनं त्याला शिवायचं नाही, असं त्यांच्यात आणि कंपनीत ठरलेलं. एकदा एका ड्रायव्हरला दया आली आणि त्यानं एका पोटुशीला चढवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीची पुढची काच गेली आणि पाठोपाठ त्याची नोकरी. त्यानंतर गाड्यांमध्ये कॅमेरेही आले. म्हणजे पेर्सिओचं अगदीच चुकत होतं असं नाही. पण समोरच्याचं चुकत नाही म्हणून त्याचा राग येत नाही, असं थोडंच असतं?

आता हॉर्नचं सांगते. आमच्यात मूल कितीही मोठं होवो, आईबाप दिसले की आधी आशीर्वाद मागायचा, मग बाकीचं बोलायचं. पोलीस असो की दरोडेखोर, आईपुढे आधी "आशीर्वाद दे." पेर्सिओ बायकोपोरांबरोबर राजधानीत राहतो. घरी यायचा एखाद्या रविवारी, पण घरावरून जायचा रोज. आता न थांबता आशीर्वाद कसा मागायचा? तर वळणावर दोनदा हॉर्न. मग आई अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून उजवा हात उचलायची आणि म्हणायची, "देव तुझं भलं करो, पोरा." तोवर गाडी पार पुढे गेलेली असायची.

हे बाकीच्या ड्रायव्हरांनी पाहिलं. त्यातल्या एकाची आई वारलेली होती, त्यानं सहज दोनदा वाजवून बघितलं. आईनं त्याच्यासाठीही हात उचलला. झालं! दुसऱ्यानं वाजवलं, तिसऱ्यानं वाजवलं, आणि बघता बघता कंपनीच्या झाडून सगळ्या गाड्या आमच्या दारात दोनदा भोंगा द्यायला लागल्या. आईला मोतीबिंदू झाल्यावर तर गाडी कुणाची हे तिला दिसायचंच नाही. हॉर्न वाजला की हात वर. मी म्हणायचे, "आई, तो आपला नव्हे."

"कुणाचा तरी असेल ना?" ती म्हणायची.

आईला सगळे मानानं दोन्या सुनिल्दा म्हणतात. दोन्या सुनिल्दाचा हात दिसला की पुढचा रस्ता सुखरूप, असं ड्रायव्हर लोक बोलायला लागले. पार्लरमधल्या बायकांना याचं भारी कौतुक. मला नव्हतं. मी गिऱ्हाइकाच्या केसांना रोलर लावतेय आणि दर थोड्या वेळानं कानठळ्या बसतायत. बरं, अख्ख्या कंपनीला फुकट आशीर्वाद वाटणाऱ्या बाईला दवाखान्यात न्यायचं म्हटलं, तर त्याच कंपनीत एक सीट नाही.

दवाखाना सांतियागोला. निळ्या बसनं तासाभराचा रस्ता. पण बस पकडायची तर आधी वडापनं उलटं बोनाओला जायचं, तिथं बसमध्ये बसायचं, आणि परत आपल्याच घरावरून पुढे जायचं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. ऑपरेशनच्या पहिल्या तारखेला चिचोची गाडी भरेपर्यंत हललीच नाही. पायाशी गॅसची टाकी, आईच्या मांडीवर परक्याचा कोंबडा, चौघांच्या बाकावर सहा जण. पोचलो तेव्हा डॉक्टरांची खोली बंद झाली होती. दुसऱ्या तारखेला वाटेत टायर फुटला, आणि स्टेपनी म्हणून जे निघालं तेही फुटकंच. चिचो मलाच म्हणाला, "नुरिस, तू चिडलीस की तुझ्या भुवया छान दिसतात." मी त्याच्या डोक्यात पर्स घातली.

तोवर आईला माझा चेहरा दिसेनासा झाला होता. पार्लरमध्ये आलेल्या बाईला ती "नुरिस, कॉफी देतेस का?" असं विचारायची. एकदा तर तिनं खांबाला विचारलं. मी मागच्या दारी जाऊन रडले. तिसरी तारीख देताना डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "या बुधवारी सकाळी आणा. हे चुकलं तर पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी यातलं किती वाचेल, ते मी आज सांगत नाही."

आणि त्या सोमवारी संध्याकाळी रेडिओवर आलं की उद्यापासून दोन दिवस वडापवाल्यांचा संप!

मी पेर्सिओला फोन लावला. तो जेवत होता. मागे त्याची पोरं बेसबॉलवरून भांडत होती.

"पेर्सिओ, बुधवारी सकाळची पहिली गाडी तुझी आहे ना?"

"माझीच."

"मग आईला घेऊन जा."

पलीकडे चमचा ताटलीत टाकल्याचा आवाज झाला. मग तो म्हणाला, "नुरिस, तुला माहीत आहे."

"मला काय माहीत आहे?"

"फाट्यावर थांबत नाही."

"फाट्यावर कोण थांब म्हणतंय? घरापुढे थांब. आई आहे ती, केळ्यांचा घड नाही."

"कॅमेरा आहे. आणि संपाच्या दिवशी चिचोची माणसं तिथंच बसणार. मी बोनाओहून टॅक्सी पाठवतो."

"संपात कोण टॅक्सीवाला काच फोडून घ्यायला येईल?"

"मग मोटरसायकलवाला?"

"खुब्यात खिळा घातलेली बाई मोटरसायकलवर कशी बसेल, ते जरा येऊन दाखव."

"हे बघ, माझी नोकरी गेली तर या पोरांना तू पोसणार आहेस?"

"आणि आईचे डोळे गेले तर?"

आईनं माझ्या हातातून फोन ओढला. "पोरा, तू जेव. हिचं ऐकू नकोस. देवानं इतकी वर्षं दाखवलं तेवढं पुष्कळ झालं." मला फोन परत मिळाला तेव्हा तो ठेवायच्या बेतात होता. ठेवता ठेवता म्हणाला, "आईला सांग, उद्या हॉर्न देतो. आशीर्वाद द्यायला सांग."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे आईचा हात चालतो, आई चालत नाही! रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर. वडापवाले संप करू शकतात, तर आमच्या घरानं काय पाप केलंय? नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. मंगळवारी उजाडताच मी अंगणातली खुर्ची उचलली आणि न्हाणीघरात नेऊन टाकली.

आईनं विचारलं, "माझी खुर्ची?"

"पाय मोडलाय. दुरुस्तीला दिलीय."

"संपात कोण दुरुस्त करतंय?"

म्हातारीचे डोळे गेले होते, डोकं नव्हतं. मी तिला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात शेवग्याच्या शेंगेएवढ्या लांब हिरव्या केळ्यांची टोपली ठेवली, पुढचं दार लावून घेतलं आणि फोन बंद करून पिठाच्या डब्यात टाकला. गिऱ्हाईक येणार नव्हतंच. मग खिडकीच्या फटीतून बघत बसले.

पहिली गाडी पेर्सिओची. दोन हॉर्न. अंगण रिकामं. गाडी जरा मंदावली, मग पुढे गेली. दुसऱ्या गाडीनं चारदा वाजवलं. तिसऱ्या ड्रायव्हरनं तर अख्खं डोकं खिडकीबाहेर काढलं. दुपारी एकानं छातीवर क्रूस काढला. मी मनात म्हटलं, भोगा आता. आणि माझ्या मागे स्वयंपाकघरात दर हॉर्नला सोलायची सुरी थांबायची आणि आई भिंतीकडे हात करून पुटपुटायची, "देव तुझं भलं करो, पोरा." बाहेर कुणाला ते दिसत नव्हतं एवढंच. माझा संप तिनं आतल्या आत मोडून काढला होता.

बुधवारी पहाटे मी आईला न्हाऊ घातलं, चर्चचा निळा झगा चढवला, पिशवी भरली. गाडी थांबणार नाही हे माहीत होतं, पण मी रस्त्यात आडवं उभं राहायचं ठरवलं होतं. चिरडलं तर सख्ख्या भावानं चिरडलं असं तरी होईल. मी चपला घालतेय तोच बाहेर ब्रेक करकचले.

दार उघडलं. आमच्या अंगणापुढे निळी बस उभी! आरशाला काळी फीत बांधलेली. आणि पेर्सिओ, इस्त्रीच्या शर्टातला माझा भाऊ, रडत रडत धावत येतोय. "मामा! मामा!" आईला तो लहानपणापासून अशीच हाक मारतो. त्याच्या मागे प्रवासी उतरतायत. काही बायांनी डोक्यावर रुमाल घेतले होते, एकीनं तर मोठ्यानं सूरच लावला होता. आणि सगळ्यात शेवटी दोन माणसं सामानाच्या कप्प्यातून गाडीच्या चाकाएवढं फुलांचं चक्र ओढून काढत होती.

मी दारातच बसले.

पेर्सिओ मला ओलांडून आत गेला. आत आई कॉफीत पाव बुडवून खात होती. तिनं आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. "पेर्सिओ? आज हॉर्न नाही दिलास?"

तो तिच्या पायांशी कोसळला. तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून असा रडला की तिची कॉफी हिंदकळली. मग उठला आणि मला बघून लालेलाल झाला.

"तू... तू मला फोनवर सांगू शकली असतीस!"

"मी काय सांगितलं असतं? खुर्ची आत ठेवली म्हणून?"

"काल रात्री मी वीसदा फोन केला! चिचोला विचारलं, तर म्हणतो, दार बंद आहे, म्हातारी दिसली नाही, मला काही लक्षण बरं दिसत नाही. राजधानीतून यायला काही नव्हतं. रात्रभर डेपोत बसलो होतो मी!"

"आणि ती फीत?"

"डेपोतल्या पोरांनी बांधली. खात्री नव्हती. पण तयारी असावी म्हणाले."

"आणि चक्र?"

"तेही पोरांनीच. सगळ्यांनी मिळून."

तोवर प्रवासी स्वयंपाकघरापर्यंत आले होते. सूर लावणारी बाई आईला जिवंत बघून इतकी ओशाळली की तिनं आईचे हात धरून मुके घेतले. आणि माझी आई! दारात पाहुणे आले म्हटल्यावर ती उठली, आणि चाचपडत चुलीकडे निघाली. "बसा बसा. कॉफी घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही."

"आई, दवाखाना!" मी ओरडले.

"दवाखाना पळून जातोय का? एवढी माणसं आली आहेत."

आमच्या लोकांचं हे असंच. घर जळत असलं तरी आधी विचारतील, साखर किती? बसभर माणसं आमच्या स्वयंपाकघरात, अंगणात, पार्लरच्या खुर्च्यांवर बसून कॉफी पितायत, एक जण तर ड्रायरखाली डोकं घालून बसलाय, आणि मी पिशवी काखेत घेऊन दातओठ खातेय. शेवटी मी पेर्सिओसमोर उभी राहिले.

"आता थांबलासच आहेस. हिला ने."

त्यानं इकडेतिकडे बघितलं. "नुरिस, तिकीट फक्त खिडकीवर मिळतं."

देवा, तुझ्या पायाची शपथ, त्या क्षणी मी त्याला ते चक्र घालून तिथंच पुरलं असतं. सुंभ जळेल, पण पीळ! पण मला बोलावंच लागलं नाही. सूर लावणारी बाई कपबशी आपटून म्हणाली, "अहो ड्रायव्हर, मेलेल्या आईसाठी थांबता आणि जिवंत आईला सोडून जाता? तुमच्या आईनं कुठल्या मुहूर्तावर तुम्हाला जन्म दिला?" मग एकच गिल्ला झाला. दोघांनी न्हाणीघरातून ती खुर्ची शोधून आणली, आईला तीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं.

राहिला चिचो. फाट्यावर झाडाखाली त्यांचा डोमिनोचा डाव मांडलेला. सगळे उभे राहून बघत होते. पेर्सिओचे पाय थबकले. चिचोनं एकदा खुर्चीतल्या आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, मग बसकण मारली आणि आमच्याकडे पाठ केली. "बसा रे खाली," तो आपल्या माणसांवर खेकसला. "डाव कुणाचा आहे? मला तर कुठं बस दिसत नाही." त्या दिवसापासून मी त्याच्या बायकोचे केस जरा मन लावून सेट करते.

बसच्या पायरीशी आईनं खुर्ची थांबवायला लावली. "पेर्सिओ, खरं सांग. तुझ्या नोकरीवर येईल का हे?"

त्याला खोटं बोलता येत नाही. म्हणजे तेव्हा येत नव्हतं. "येईल, मामा," तो म्हणाला.

"मग राहू दे."

"नाही," तो म्हणाला, आणि त्यानं तिला दोन्ही हातांनी उचलून पहिल्या सीटवर ठेवलं. आत बर्फासारखं गार. त्यानं अंगातला कोट काढून तिला पांघरला. चक्र मागे ठेवायला कुणी तयार होईना, अपशकुन नको म्हणून, तेव्हा ते आईच्याच मांडीवर आलं. तिनं फुलं चाचपली.

"किती छान! कुणी पाठवली?"

"ड्रायव्हरांनी," मी म्हटलं. "तुझ्या ऑपरेशनसाठी."

आयुष्यात पहिल्यांदा आई आपल्या मुलाच्या बसमध्ये बसली. घरासमोरून गाडी निघाली तेव्हा पेर्सिओनं सवयीनं दोनदा हॉर्न दिला. आईनं सीटवर बसल्या बसल्या हात उचलला आणि त्याच्या पाठीवर ठेवला. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण मला त्याच्यावरचा राग इतक्यात सोडायचा नव्हता.

ऑपरेशन चांगलं झालं. दवाखान्यात नर्सनं मयताचं पुष्पचक्र घेऊन आलेली पेशंट आधी कधी बघितली नव्हती, एवढाच काय तो गोंधळ. महिन्याभरानं दुसरा डोळाही झाला. आईनं माझ्याकडे नीट बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली, "तू किती म्हातारी झालीस गं!" घ्या. डोळे आणून दिल्याचं बक्षीस.

पण दैव देतं नि कर्म नेतं. कंपनीनं पेर्सिओला काढलं नाही. इतक्या वर्षांत एकही ठपका नव्हता म्हणून नुसता मार्ग बदलला. आता तो राजधानीतून पूर्वेकडे जातो, उसाच्या मुलखातून. आमच्या घरावरून नाही. मला वाटलं तो भांडेल. मी म्हटलंही, "अरे, जाऊन सांग त्यांना, आई होती म्हणून." तर म्हणाला, "कंपनीनं ठरवलंय." मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

आई पुन्हा अंगणात खुर्चीवर बसते. निळ्या गाड्या येतात, दोनदा वाजवतात. आता तिला लख्ख दिसतं. हात उचलायच्या आधी ती काचेमागचा चेहरा बघते. "हा नव्हे," म्हणते, आणि हात उचलते. पुढची गाडी. "हाही नव्हे." हात वर. मी रोलर लावता लावता ऐकते. दिसत नव्हतं तेव्हा प्रत्येक गाडी तिच्या मुलाची असू शकत होती. हे माझ्या ध्यानात आलं त्या दिवशी एका बाईचे केस मी जास्तच ओढले आणि तिच्या शिव्या खाल्ल्या.

एका रविवारी पेर्सिओ जेवायला आला तेव्हा आईनं विचारलं, "तिकडच्या रस्त्यावर तुझ्यासाठी कुणी हात उचलतं का रे?"

तो घास चावत राहिला. मग म्हणाला, "हो. आहे एक म्हातारी. वळणावर बसते."

"नाव काय तिचं?"

"चेपा. दोन्या चेपा."

आईचा चेहरा इतका खुलला की मी मान खाली घातली. मी त्याच्याबरोबर वाढले आहे, तो घास चावत किती वेळ राहिला ते मी बघितलं होतं. पण आईला कुठलं कळतंय! रात्रीच्या प्रार्थनेत दोन्या चेपाचं नाव माझ्या आधी यायला लागलं. पुढच्या खेपेला तिनं नारळ किसून वड्या केल्या, डब्यात भरल्या आणि पेर्सिओच्या हातात दिल्या. "चेपाला दे. म्हणावं, माझ्या पोराकडे लक्ष ठेवतेस, हे माझ्याकडून."

परवा तो डबा परत घेऊन आला. आई आत होती. मी त्याला अंगणातच गाठलं.

"कोण ही चेपा? खरं बोल."

"कुणी नाही." तो रस्त्याकडे बघत होता. "तिकडे नुसता ऊस आहे, नुरिस. एका वळणावर ऊस तोलायच्या काट्याची पडकी खोली आहे. तिथं मी दोनदा वाजवतो. एवढंच."

"आणि वड्या?"

"मी खाल्ल्या."

"तुझ्या गाडीत? तिथं तर खायला बंदी आहे."

"गाडीत नाही. खाली उतरून, त्या खोलीच्या पायरीवर बसून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "गाडी थांबवून?"

"थांबवून."

"प्रवासी?"

"ओरडले."

जन्मभर जो थांबला नाही! ताटलीची गाडी थांबवली नाही, खरी थांबवली नाही, फाट्यावर हात करणाऱ्यांसाठी नाही, जिवंत आईसाठी नाही, आणि आता कुत्रंही नसलेल्या उसाच्या वळणावर, कॅमेऱ्यासमोर, गाडीभर माणसं ओरडत असताना हा पायरीवर बसून नारळाच्या वड्या खातो. माझ्या तोंडात शिव्यांची रांग लागली होती. पण मी त्याच्या हातातून रिकामा डबा घेतला आणि घासायला आत नेला.

आई चुलीपाशी वाट बघत उभी होती. "काय म्हणाली चेपा? आवडल्या का तिला?"

"आवडल्या," मी म्हटलं. "अजून पाठव म्हणाली."